वाळू, कोळसा आणि एक अक्षर

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत लखनौ येथे दिलेले भाषण)



पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या पुढाकाराने १९२६ मध्ये ज्या शहरात संगीताचे महाविद्यालय उभे राहिले, त्या शहरात मराठी माणसाला व्यासपीठ मिळाले तर त्याने गाण्यावर बोलावे, हेच रीतीला धरून होईल. मी मात्र आज आपल्यापुढे एका काळ्या, खरखरीत आणि दिसायला अगदीच सामान्य अशा पदार्थाविषयी बोलणार आहे. त्याचे शास्त्रीय नाव सिलिकॉन कार्बाइड. कारखान्यांतून तो कार्बोरंडम या नावाने ओळखला जातो. मी विज्ञानाचा विद्यार्थी नव्हे. कलाशाखेची पदवी घेऊन केंद्र सरकारच्या नोकरीत शिरलेला मी एक फायलींचा माणूस आहे. अशा माणसाने हा विषय का निवडावा, असा प्रश्न आपल्या मनात आला असेल. त्याचे उत्तर मी आरंभीच देतो, कारण त्या उत्तरातच या भाषणाचे प्रयोजन आहे.

सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी माझ्याकडे एका कर्मशाळेच्या भांडारखरेदीचे काम होते. एके दिवशी धार लावण्याच्या चाकांची, म्हणजे ग्राइंडिंग व्हील्सची, मागणी आली. मागणीपत्रावर व्यास होता, जाडी होती, नग होते. त्याखेरीज अक्षरे आणि आकडे यांची एक लांबलचक खूण होती. टंकलेखनात त्या खुणेतले पहिले अक्षर गळले. निविदा मागविल्या गेल्या, सर्वांत कमी दर स्वीकारला गेला, आणि मी सही केली. चाके आली, यंत्रांवर चढली. ती पोलादाची हत्यारे घासण्यासाठी होती. पण घासताना चाक भराभर झिजे, हत्यार मात्र तापून निळे पडे, धार काही येत नसे. कारागीर अधिक जोर लावू लागले. तिसऱ्या की चौथ्या दिवशी एका चाकाचा टवका उडाला आणि एका तरुण कामगाराच्या भुवईवर बसला. डोळ्यांवर संरक्षक चष्मा होता म्हणून डोळा वाचला. जखमेला टाके पडले आणि तो महिनाभर घरी राहिला.

चौकशी झाली. कागद सर्व नियमाप्रमाणे होते. कोणावरही ठपका आला नाही. मी सुटकेचा निःश्वास टाकला. पण त्या कर्मशाळेतील एका वृद्ध मिस्त्रींनी मला यंत्राजवळ बोलावून घेतले, फुटलेल्या चाकावरचा कागदी बिल्ला माझ्यापुढे धरला आणि लखनवी अदबीने एवढेच विचारले, "साहब, आपने देखा था, इस पर लिखा क्या है?"

मी पाहिले नव्हते. पाहिले असते तरी मला समजले नसते. त्या बिल्ल्यावर पहिले अक्षर 'सी' होते आणि तेथे 'ए' हवे होते. 'सी' म्हणजे सिलिकॉन कार्बाइड आणि 'ए' म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइड. त्या एका अक्षराचा अर्थ समजून घेण्यासाठी मी जे वाचले, विचारले आणि पाहिले, तेच आज आपल्यापुढे मांडतो आहे.

प्रथम एक गोष्ट सांगतो. आपल्यापैकी प्रत्येकाने हा पदार्थ पाहिलेला आहे, फक्त त्याचे नाव घेतलेले नाही. आपल्या पिढीच्या घरांत मोझॅकची फरशी बसविली जाई, तेव्हा पाणी शिंपडत, मोठा आवाज करीत एक यंत्र ती फरशी दिवसचे दिवस घासत असे. त्या यंत्राखालचे दगड कार्बोरंडमचे. रंगारी जो काळा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून भिंतीवर आणि दारावर फिरवितो, त्यावरची काळी कणी तीच. अमीनाबादच्या गल्लीत सायकल उभी करून, पायटा मारीत सुऱ्या-कात्र्यांना धार लावून देणाऱ्याचे चाकही याच कुळातले. भाताचा कोंडा काढून तांदूळ पांढरा करणाऱ्या गिरण्यांतील घर्षणदगडांत हा पदार्थ असतो. दंतवैद्याच्या हातातील चिमुकल्या हिरव्या दगडाचीही तीच जात. पदार्थ घरोघरचा असून नाव अनोळखी, असा हा प्रकार आहे.

या पदार्थाचा जन्म एका फसलेल्या प्रयत्नातून झाला. एडवर्ड गुडरिच ॲचेसन नावाचा एक अमेरिकन होता. तरुणपणी त्याने प्रख्यात संशोधक एडिसन यांच्याकडे काम केले होते. १८९१ मध्ये पेनसिल्व्हेनियातील मोनाँगहिला या गावी तो कृत्रिम हिरा करण्याच्या खटपटीत होता. एका लोखंडी भांड्यात त्याने चिकणमाती आणि कोकची पूड कालवली, विजेच्या दिव्यात वापरतात तशी कार्बनची कांडी त्यात खोवली आणि जोराचा विद्युत्प्रवाह सोडला. भांडे निवल्यावर कांडीच्या टोकाला काही चमकदार स्फटिक चिकटलेले दिसले. ते काचेवर ओढले तर काच कापली जाई. हिरा मिळाला नव्हता. परंतु तोपर्यंत माणसाने केलेल्या पदार्थांत इतका कठीण पदार्थ दुसरा नव्हता.

आता या पदार्थाच्या नावाची हकिगत ऐका. ॲचेसनला वाटले, की हा पदार्थ कार्बन आणि मातीतील ॲल्युमिनाचे स्फटिक, म्हणजे कोरंडम, यांच्या संयोगाने झाला असावा. म्हणून त्याने 'कार्बन' आणि 'कोरंडम' यांचा समास करून 'कार्बोरंडम' हे नाव ठेवले. यातला कोरंडम हा शब्द मूळचा आपल्याकडचा. संस्कृतात कुरुविंद, तमिळमध्ये कुरुंदम् आणि मराठीत कुरुंद. माणिक आणि नीलम ही याच कुरुंदाची रत्नरूपे. आपल्या भंडारा जिल्ह्यात पोहऱ्याच्या परिसरात कुरुंद सापडतो. तेव्हा अमेरिकेत जन्मलेल्या या अपत्याच्या नावाचा अर्धा भाग भारतीय मातीतला आहे. पण गंमत अशी, की नाव चुकले होते. पुढे पृथक्करण झाले तेव्हा त्यात कुरुंदाचा अंशही निघाला नाही. तो निव्वळ सिलिकॉन आणि कार्बन यांचा संयोग होता. नाव मात्र तेच रूढ झाले. ॲचेसनला त्याचे एकस्व फेब्रुवारी १८९३ मध्ये मिळाले.

त्याच १८९३ मध्ये फ्रेंच रसायनज्ञ आंरी मॉयसाँ हे ॲरिझोनातील एका उल्केचे तुकडे तपासत होते. त्यांना त्यात बारीक स्फटिक दिसले आणि प्रथम त्यांनाही ते हिरेच वाटले. ते सिलिकॉन कार्बाइड होते. निसर्गात हा पदार्थ इतका दुर्मिळ, की त्याची पहिली ओळख आकाशातून पडलेल्या दगडातून व्हावी! या नैसर्गिक रूपाला १९०५ मध्ये त्यांच्या नावावरून मॉयसनाइट असे नाव दिले गेले. आज सराफांच्या दुकानांत हिऱ्याऐवजी मॉयसनाइटचे जे खडे मिळतात, ते याच जातीचे, पण कारखान्यात तयार केलेले असतात. दोन विद्वानांनी या पदार्थाला हिरा समजावे, यातही काही अर्थ आहे. हिऱ्यात प्रत्येक कार्बनचा अणू चार शेजारी अणूंना घट्ट धरून असतो. सिलिकॉन कार्बाइडमध्येही प्रत्येक सिलिकॉनभोवती चार कार्बन आणि प्रत्येक कार्बनभोवती चार सिलिकॉन अशीच बांधणी असते. म्हणूनच काठिण्याच्या दहा पायऱ्यांच्या मोजपट्टीवर हिरा दहावर, कुरुंद नऊवर, तर सिलिकॉन कार्बाइड त्या दोहोंच्या मध्ये बसतो.

हा पदार्थ करण्याची रीत पायाभूत स्वरूपात अजूनही ॲचेसनचीच आहे. पांढरी सिलिका वाळू आणि खनिज तेलाच्या शुद्धीकरणातून उरणारा कोक यांचे मिश्रण एका लांबट भट्टीत रचतात. मधोमध ग्रॅफाइटचा गाभा ठेवतात आणि त्यातून वीज सोडतात. गाभ्याजवळ तपमान २००० अंश सेल्सिअसच्या पुष्कळ वर जाते. वाळूतील ऑक्सिजन कार्बनबरोबर वायुरूपाने निघून जातो आणि उरलेला सिलिकॉन दुसऱ्या कार्बनशी जोडला जातो. हिशेब वजनाने सांगायचा तर ६० भाग वाळू आणि ३६ भाग कार्बन घातला, की ४० भाग सिलिकॉन कार्बाइड हाती लागतो; बाकीचे ५६ भाग वायू होऊन जातात. भट्टी निवायला कित्येक दिवस लागतात. मग तिचे थर फोडतात. बाहेर अर्धवट शिजलेला माल, आत चमचमणारे स्फटिक. लोखंडासारखा हा पदार्थ वितळून ओतता येत नाही. फार तापविला तर त्याचे विघटन होऊन सिलिकॉन उडून जातो आणि मागे ग्रॅफाइट राहते. ॲचेसनला कृत्रिम ग्रॅफाइटचा मार्गही असाच सापडला.

वाळूचा तुटवडा आपल्या देशात नाही. उत्तर प्रदेशात प्रयागराजजवळच्या शंकरगढची सिलिका वाळू फिरोजाबादच्या काचेच्या भट्ट्यांना पुरविली जाते, आणि आपल्या सिंधुदुर्गात कणकवली तालुक्यातील कासार्डे, फोंडाघाट या भागातही सिलिका वाळूच्या खाणी आहेत. अडचण विजेची. एक किलो सिलिकॉन कार्बाइडला सात-आठ युनिट वीज सहज लागते. म्हणजे एखाद्या मध्यमवर्गीय घराला दिवसभर पुरावी एवढी. म्हणूनच ॲचेसनने १८९५ मध्ये आपला कारखाना नायगारा धबधब्याच्या काठी नेला. मद्रासमध्ये १९५४ साली मुरुगप्पा घराण्याने अमेरिकन आणि ब्रिटिश कंपन्यांच्या सहकार्याने कार्बोरंडम युनिव्हर्सल ही कंपनी स्थापन केली. तिच्या सिलिकॉन कार्बाइडच्या भट्ट्या केरळात उभ्या राहिल्या आणि पुढे तेथे मणियार येथे तिने जलविद्युत केंद्रही बांधले. नायगाऱ्याचाच धडा येथे पुन्हा गिरविला गेला.

महाराष्ट्राचा वाटा याहून जुना आहे. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून उरणला जाणारी लाँच ज्या मोरा बंदराला लागते, ते आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. दुसरे महायुद्ध चालू असताना, १९४१ मध्ये, दोन पारशी उद्योजकांनी या मोऱ्याला ग्राइंडवेल नावाने धार लावण्याची चाके करण्याचा कारखाना काढला. भारतातील या उद्योगाचा तो आरंभ मानला जातो. पुढे अमेरिकेतील नॉर्टन कंपनीशी संबंध जुळून तो ग्राइंडवेल नॉर्टन या नावाने वाढला. कोळ्यांच्या होड्या जेथे लागत, तेथे देशाच्या यंत्रशाळांची हत्यारे धारदार ठेवणारी चाके भाजली जाऊ लागली. 'भाजली' हा शब्द मी मुद्दाम वापरला. कारण हे चाक म्हणजे एका अर्थाने मडकेच असते. कठीण कण्या चिकणमातीसारख्या बंधकात कालवायच्या, साच्यात दाबायच्या आणि भट्टीत भाजायच्या. हत्यार धार धरते ते या मातीच्या चाकामुळे. आणि धारदार हत्याराशिवाय ना रेल्वेचा आस कातला जातो, ना विमानाचा सुटा भाग.

आता त्या बिल्ल्यावरच्या खुणेकडे वळू. समजा, चाकावर 'सी ६० के ५ व्ही' असे लिहिले आहे. पहिले अक्षर कणीची जात सांगते. ६० हा आकडा कणीचा बारीकपणा सांगतो. आकडा जितका मोठा तितकी कणी बारीक. 'के' हे अक्षर चाकाची पकड, म्हणजे बंधकाने कणी किती घट्ट धरली आहे, ते दाखविते. ५ म्हणजे कण्यांची दाटी, आणि 'व्ही' म्हणजे भाजलेल्या मातीचा बंधक. याखेरीज चाक मिनिटाला जास्तीत जास्त किती फेऱ्यांनी फिरवावे, तेही लिहिलेले असते. एवढ्याशा बिल्ल्यावर त्या चाकाची कुळकथा आणि कुंडली दोन्ही सापडतात.

मग 'सी' चाक पोलादावर का चालले नाही? ते तर 'ए'पेक्षा अधिक कठीण! हाच प्रश्न मी मिस्त्रींना विचारला होता. पोलाद घासताना जी उष्णता निर्माण होते, तिच्यात लोखंड सिलिकॉन कार्बाइडमधील कार्बन ओढून घेते. कणी बोथट होते, चाक गुळगुळीत पडते आणि वेडेवाकडे झिजते. कारागीर जोर लावतो, उष्णता आणखी वाढते. बीड, पितळ, ॲल्युमिनियम, दगड, काच, चिनीमाती यांवर हेच चाक उत्तम चालते. म्हणजे दोष चाकात नव्हता. त्याला भलत्या कामाला जुंपले गेले होते. कठीण असणे निराळे आणि योग्य असणे निराळे, हे माझ्या आयुष्यातले फार महाग पडलेले ज्ञान आहे.

दुसरी चूकही मिस्त्रींनीच दाखविली. चाक यंत्रावर चढविण्यापूर्वी ते लाकडी मुठीने हलकेच वाजवून पाहायचे असते. निर्दोष चाक स्वच्छ खणखणते. आत तडा असेल तर आवाज बद्द येतो. त्या घाईच्या दिवसांत ही चाके कोणी वाजवून पाहिली नव्हती. हे ऐकले आणि मला माझी आजी आठवली. बाजारात माठ घेताना ती बोटाच्या पेराने तो वाजवी आणि कान लावून ऐके. कुंभाराने कितीही गोड बोलून दुसरा माठ पुढे केला तरी वाजविल्याशिवाय घेत नसे. पदवी घेतलेला नातू लाखांच्या खरेदीवर सही करताना ते विसरला होता.

धार लावणे हे या पदार्थाचे पहिले काम. पण आज तो तेवढ्यावर थांबलेला नाही. उष्णता तो चटकन पसरू देतो आणि अचानक तापविले-थंड केले तरी सहसा तडकत नाही. म्हणून धातू वितळविण्याच्या मुशी, भट्ट्यांच्या विटा आणि चिनीमातीची भांडी भाजताना ज्यांवर रचतात त्या फळ्या, यांत तो वापरतात. छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूज येथे मुशींचा कारखाना आहे. बीड ओतताना वितळलेल्या धातूत सिलिकॉन आणि कार्बन पुरविण्यासाठीही तो घालतात. रासायनिक पंपांच्या फिरत्या आसाभोवती गळती रोखणारी कडी त्याची करतात, कारण आम्ले त्याचे फारसे काही बिघडवू शकत नाहीत. सैनिकांच्या चिलखतांतील कठीण पट्टिकांतही त्याला स्थान आहे. २००९ मध्ये अवकाशात गेलेल्या युरोपच्या हर्शेल दुर्बिणीचा साडेतीन मीटर व्यासाचा आरसा याच पदार्थाचा होता.

याहूनही मोठे स्थित्यंतर विजेच्या क्षेत्रात झाले. १९०७ मध्ये हेन्री राउंड नावाच्या इंग्रज तंत्रज्ञाने कार्बोरंडमच्या स्फटिकातून विद्युत्प्रवाह सोडला, तेव्हा तो पिवळसर प्रकाशाने उजळलेला त्याला दिसला. आजच्या एलईडी दिव्याचा तो पहिला पूर्वज. आरंभीच्या रेडिओंत लहरी पकडण्यासाठी हा स्फटिक वापरीत. वीजवाहिन्यांवरील तडितरक्षकांतही तो पुष्कळ वर्षे होता. १९७० नंतरच्या दशकांत झिंक ऑक्साइडने त्याची जागा घेतली. पण तो निवृत्त झाला नाही. साध्या सिलिकॉनपेक्षा सुमारे दहापट तीव्र विद्युत्क्षेत्र तो सहन करतो आणि कमी उष्णता वाया घालवितो, म्हणून मोठे विद्युत्प्रवाह हाताळणाऱ्या अर्धसंवाहक चकत्या त्याच्या होऊ लागल्या. २०१८ च्या सुमारास विजेवर चालणाऱ्या मोटारींत त्या आल्या. जपानची एन ७०० एस ही वेगवान गाडी २०२० मध्ये धावू लागली, ती याच चकत्यांच्या साहाय्याने. आपल्या केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२५ मध्ये ओडिशात भुवनेश्वर येथे सिलिकॉन कार्बाइडच्या अर्धसंवाहक कारखान्याला मान्यता दिली. मोझॅक घासणारा काळा दगड आणि आगगाडीच्या विजेचे नियमन करणारी नाजूक चकती, दोन्ही एकाच संयुगाची. फरक आहे तो शुद्धतेचा आणि मेहनतीचा.

मित्रहो, ज्या लखनौमध्ये आपण राहतो, तेथे मानकनगरला १९५७ पासून रेल्वेची संशोधन, अभिकल्प आणि मानक संघटना आहे. 'मानक' या शब्दाकडे मी पूर्वी रुक्ष सरकारी शब्द म्हणून पाहत असे. आज तसे पाहत नाही. मानक म्हणजे दूर कोठेतरी बसलेल्या अनोळखी माणसाने दुसऱ्या अनोळखी माणसाच्या डोळ्याची घेतलेली काळजी. ते 'ए' आणि 'सी' ज्यांनी ठरविले, त्यांनी आपले काम चोख केले होते. ते वाचणे एवढेच माझे काम होते, आणि ते मी केले नाही. ॲचेसनने नावात चूक केली, तिने कोणाचे रक्त सांडले नाही. माझ्या फायलीत एक अक्षर गळले, त्याची खूण एका माणसाच्या भुवईवर राहिली. तो कामगार पुढे मला अनेकदा भेटला. प्रत्येक वेळी त्याने हसून नमस्कार केला आणि प्रत्येक वेळी माझी दृष्टी आधी त्या खुणेवर गेली.

त्या दिवसानंतर मी एक नियम केला, आणि नोकरीत आलेल्या प्रत्येक नव्या सहकाऱ्याला तो सांगत आलो. ज्या वस्तूसाठी सही करायची, ती एकदा तरी हातात घेऊन पाहावी. ती वापरणाऱ्या माणसाला तिच्याविषयी विचारावे. आणि त्याचे उत्तर समजेपर्यंत लेखणी खाली ठेवावी. याला विज्ञानाची पदवी लागत नाही. या सभागृहात आज अनेक तरुण मुलेमुली बसली आहेत. त्यांतील काही अभियंते होतील, काही माझ्यासारखे फायलींवर सह्या करतील. दुसऱ्या वर्गातल्या मुलांना माझे विशेष सांगणे आहे. आपण कलाशाखेचे आहोत, हे न वाचण्याचे कारण होऊ शकत नाही.

ते वृद्ध मिस्त्री आता हयात नाहीत. त्यांनी मला चाक वाजवून पाहायला शिकविले. माझ्या आजीने माठ वाजवून पाहायला शिकविले होते. एक लखनौची, एक माहेरच्या गावची. पण दोघांचा धडा एकच होता.